तिसरी बाल्कनी

१२ जून

बाबा,

वर ‘तीर्थरूप’ लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. तुमचं पत्र ऑफिसच्या लेटरहेडवर, टाइप करून, जावक क्रमांक घालून आलं. पोटच्या मुलीला जावक क्रमांक घालणाऱ्या माणसाला तीर्थरूप लिहिलं तर दोघांनाही अवघडल्यासारखं होईल.

तुम्ही लिहिता की धाकटीला फूस लावून मी तिला अभियंत्यांच्या संस्थेची विद्यार्थी-सभासद केलं. फूस लावावी लागली नाही. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सज्ञान आहे, आणि तिला स्वतःची सही करता येते. सूचक म्हणून माझं नाव आहे, कारण विद्यार्थ्याला आपण ओळखतो असं एका पूर्ण सभासदानं सांगावं लागतं. मी तिला ओळखते. तिला पहिला दात आला तेव्हा तिनं माझंच बोट चावलं होतं.

‘चहा-बिस्किटांच्या मंडळात जाऊन पोरीचं काय भलं होणार?’ असं विचारलंत. विचारलंच आहे तर सांगते.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा संस्थेत पुलांवर एक व्याख्यान होतं. मागच्या रांगेतून उभी राहून मी विचारलं, वाऱ्याचा भार दोनदा धरला गेलाय का. वक्त्याबाईंनी फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि व्याख्यान संपल्यावर मला शोधत आल्या. त्यांच्याच ऑफिसात मी आज काम करते. आता त्या संस्थेच्या अध्यक्षा आहेत. आम्ही सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतो. त्या संध्याकाळी बिस्किटं होती हे खरं आहे. बरी होती.

कॉलेजात चुकलं तर मार्क जातात. संस्थेत चुकलं तर साठीचा एखादा गृहस्थ खुर्ची ओढून शेजारी बसतो आणि म्हणतो, ‘हे कसं काढलंस, दाखव बघू.’ मला घरात असं कधी कुणी विचारलं नव्हतं. घरात विचारायचे ते, ‘झालं का?’

तुमच्या रागाचं खरं कारण पत्रात नाही, म्हणून मीच लिहिते. नव्या नियमानुसार बांधकामाच्या नकाशांवर सही करणारा इंजिनिअर संस्थेचा चालू सभासद असावा लागतो. तुम्ही सभासदत्व कधीच सोडलंत, आणि परत यायचं तर मुलाखत द्यावी लागते, तीही तुमच्यापेक्षा लहान माणसांसमोर बसून. त्यापेक्षा घरात एक सही तयार होतेय ती बरी. पदवी हातात आली की धाकटीला थेट सभासद करून घ्यायचं, आणि ती तुम्ही पुढे कराल त्या कागदावर सही करत बसेल. तुम्हाला तिचं नाव यादीत हवंय, ती सभागृहात नकोय.

ती सभागृहात आहे. दुसऱ्या रांगेत बसते.

मोठी

(तुमच्या भाषेत फूटपट्टी)


२७ जुलै

बाबा,

या वेळी जावक क्रमांक नाही, याची नोंद घेतली.

मी धाकटीला तुमच्याविरुद्ध पढवते असं तुम्हाला वाटतं. जेवणाच्या टेबलावर काय झालं ते मला आईकडून कळलं, धाकटीकडून नाही. आई हसत होती, म्हणून मला जसंच्या तसं मिळालं असं धरते.

‘काय शिकवतात गं तिथं?’ असं तुम्ही विचारलंत.

‘बाबा, स्लॅब ओतायच्या वेळी तुम्ही स्वतः साइटवर असता ना?’

‘असतो की. नाहीतर मुकादम आहेच.’

‘म्हणजे असता की नसता?’

‘जेव मुकाट्यानं.’

यात मी पढवण्यासारखं काय आहे ते मला दिसलं नाही. आई म्हणाली, ‘दुसरी फूटपट्टी निघाली बाई घरात.’ तुम्ही ताटावरून उठलात असंही तिनं सांगितलं, पण भाकरी संपवून.

धाकटीचं म्हणाल तर तिला आता वेळ पुरत नाही. संस्थेच्या ग्रंथालयात शनिवार घालवते. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत तिच्या गटानं कागदी पुठ्ठ्याचा पूल केला आणि तो सगळ्यांत आधी मोडला. परीक्षकांनी सगळ्यांत जास्त वेळ तिच्याशीच घालवला, कारण कुठं मोडणार हे तिनं आधी लिहून ठेवलं होतं आणि पूल तिथंच मोडला. तिथून तिला दोन ऑफिसांनी सुट्टीत कामाला बोलावलंय. तिला वाटतं तिचं नशीब उघडलं. नशिबाचा संबंध नाही. ती चार माणसांना दिसेल अशा जागी उभी राहिली, एवढंच झालं. तुमच्या ऑफिसात ती फक्त तुम्हाला दिसली असती.

पाटीबद्दल. तुम्ही लिहिलंय की दारावरची पाटी रंगवून घेतली, नावापुढे ‘आणि कन्या’ घातलं, आणि धाकटीनं साधं ‘छान आहे’ही म्हटलं नाही. बाबा, ती तीच पाटी आहे. माझी पदवी झाली तेव्हा तुम्ही हेच शब्द घालून घेतले होते आणि मी गेल्यावर त्यावर पांढरा रंग मारला होता. ‘कन्या’ एकवचनात लिहिण्याचा हा फायदा. पोरगी बदलली तरी पाटी चालते.

मी घरी येणार नाही. आईला भेटायचं असेल तर ती माझ्या खोलीवर येऊ शकते. जिना सोपा आहे.

मोठी


२२ सप्टेंबर

बाबा,

तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी कळवते.

संस्थेची विद्यार्थी शाखा वर्षातून दोनदा मुलांना बांधून झालेल्या इमारतीत नेते. नकाशा द्यायचा, यंत्रं द्यायची, आणि कागदावर आहे ते काँक्रीटमध्ये आहे का हे मुलांनी मोजायचं. कॉलेजात ही यंत्रं कपाटात कुलूपबंद असतात. इथं ती मुलांच्या हातात पडतात. जागा ठरवणं माझ्याकडे आहे, कारण या वर्षी मी शाखेची सचिव आहे. मी चौकातली ती तीन मजली ऑफिसांची इमारत ठरवली. होय, तीच. मालकानं आनंदानं परवानगी दिली. म्हणाला, ‘बघा की. आमची इमारत मोठ्या माणसानं बांधलीय.’

पहिल्या वर्षाची मुलंही होती. त्यांना धाकटीनं जे सांगितलं ते इथं उतरवते. तुम्हाला शिकवायला नव्हे, ती कसं शिकवते ते कळावं म्हणून. ती म्हणाली, ‘बाल्कनी म्हणजे भिंतीतून पुढे काढलेला हात. हातावर वजन ठेवलं की ताण वरून येतो, म्हणून सळया वरच्या बाजूला लागतात. खाली गेल्या तर त्या असून नसल्यासारख्या. आणि ओतताना मजूर सळयांवरूनच चालतात. म्हणून त्यांच्याखाली लोखंडी चेअर ठेवायच्या, त्या सळयांना वर धरून ठेवतात.’ एका मुलानं विचारलं, ‘चेअर कमी पडल्या तर?’ ती म्हणाली, ‘तर कोणी ओतूच देणार नाही.’

मी गटाला पहिल्या मजल्यावरच्या तिसऱ्या बाल्कनीपासून सुरुवात करायला सांगितलं.

यंत्र फरशीवरून फिरवलं की सळई किती खोल आहे ते कळतं. धाकटीनं फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं.

‘ताई, मशीन बिघडलंय.’

‘दुसरं घे.’

दुसऱ्यानंही तेच दाखवलं. मग ती चौथ्या बाल्कनीत गेली. तिथं सळया जिथं हव्या तिथं होत्या. पुन्हा तिसरीत आली, गुडघे टेकून बसली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खडूनं खुणा करत गेली.

‘सळया तळाला बसल्यात,’ ती म्हणाली. ‘सगळ्या.’

‘नोंदव.’

‘सही कुणाची आहे यावर?’

मी नकाशाची गुंडाळी तिच्या हातात दिली. ओतण्यापूर्वी सळया स्वतः तपासल्या, या ओळीखाली उजव्या कोपऱ्यात सही असते. तुमची सही मोठी आहे, शोधावी लागत नाही. तिनं ती पाहिली, नकाशा परत घट्ट गुंडाळला, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना म्हणाली, ‘चला, पुढची बाल्कनी.’ बाकीच्या सगळ्या तिनं मोजल्या. एकही चुकवली नाही.

मालकाला मी तिथंच सांगितलं. दिवस मावळायच्या आत बाल्कनीला खालून टेकू लागले आणि दार बंद झालं.

निघताना ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं ती तुमच्यावर चिडलीय.

मोठी


९ ऑक्टोबर

बाबा,

तुमचं हातानं लिहिलेलं पत्र पहिल्यांदाच पाहिलं. अक्षर माझ्यासारखं आहे.

तुम्ही लिहिता, ‘मुकादमानं घोळ घातला.’ पुढच्या ओळीत लिहिता, ‘आणि तू तिथं होतीस, विसरलीस वाटतं.’

विसरले नाही. तुम्हाला त्या दिवशी दुसरीकडे जायचं होतं म्हणून तुम्ही मला पाठवलं. मी शिकत होते. तिसऱ्या बाल्कनीपाशी चेअर संपल्या. मुकादम म्हणाला, ‘ताई, विटांचे तुकडे सारतो खाली, काय होतंय.’ मजूर घमेली घेऊन सळयांवरून ये-जा करत होते आणि सळया माझ्या डोळ्यांसमोर खाली बसत होत्या. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, ‘ओतू दे. काँक्रीटची गाडी उभी आहे.’ संध्याकाळी घरी आल्यावर स्वतः तपासल्याची सही केलीत. पेन माझंच घेतलंत.

पुढच्या वर्षी पदवी झाली, तुम्ही पाटी रंगवलीत, मी घर सोडलं. पोरगी शेफारली असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. मी कुणाला काही सांगितलं नाही.

‘मग इतकी वर्षं तोंडात गुळणी धरून का बसलीस?’ असं विचारता. तेव्हा माझ्या सहीला किंमत नव्हती. नंतर किंमत आली, पण तोवर मी मोजायला लागले होते. दर वर्षी एकदा ऑफिसातली लेव्हलची दुर्बीण उसनी घेऊन मी समोरच्या फुटपाथवर उभी राहते आणि त्या बाल्कनीची कड किती वाकली ते पाहते. लोकांना वाटतं रस्ता रुंद होणार आहे. एकदा दुकानदारानं पाणी आणून दिलं. कड कधीच वाकलेली नव्हती.

आणि धाकटीला मी थेट का सांगितलं नाही, तर तिनं तुमचीच बाजू घेतली असती. ती तुमची लाडकी आहे. तोंडानं सांगितलेलं ती खोडून काढते. स्वतःच्या हातानं मोजलेलं तिला खोडता येत नाही. आता ती तुमच्या पाटीखाली बसणार नाही. मला हवं होतं ते झालं.

मी तिथं होते हे तुम्ही तिला सांगणार म्हणता. सांगा. ती पुरावा मागेल. ती सवय तिला आता लागलीय.

मोठी


१५ नोव्हेंबर

बाबा,

धाकटी काल माझ्या खोलीवर आली होती. तुम्ही तिला काही सांगितलेलं नव्हतं. हे मला अपेक्षित नव्हतं. आमच्यात जे बोलणं झालं ते लिहिते, कारण यापुढे ती तुमच्याशी बोलेल असं मला वाटत नाही, आणि एवढं कळण्याचा तुम्हाला हक्क आहे.

ती बूट न काढता खुर्चीत बसली.

‘त्या इमारतीला किती बाल्कन्या आहेत, ताई?’

‘बारा.’

‘मग तिसरीपासून का?’

‘कुठून तरी सुरुवात करावी लागते.’

‘पहिलीपासून करतात. तू तर डब्यातली बिस्किटंसुद्धा डावीकडून खातेस.’

ती म्हणाली, ‘तुला माहीत होतं.’ मग मी तिला सांगितलं: फोन, मुकादम, लेव्हल, फुटपाथ. ती ऐकत होती. बाई ऐकतात तशी, मान न हलवता.

‘आणि कड वाकली असती तर?’

‘तर लगेच कळवलं असतं.’

‘ताई, सळया खाली गेलेली बाल्कनी वाकत नाही. काही न सांगता तुटते. हे मी बाईंच्या व्याख्यानात शिकले. तू पहिल्या रांगेत बसली होतीस.’

मी बसले होते. त्या व्याख्यानाची खुर्चीमांडणीही मीच केली होती.

‘दुपारी लोक फोनवर बोलायला यायचे तिथं,’ ती म्हणाली. ‘मालकाच्या ऑफिसातली एक पोटुशी बाई वाऱ्याला उभी राहायची. मला म्हणाली, बरं झालं गं पोरी तुम्ही आलात. मी काय म्हणू तिला? माझ्या बहिणीनं तुम्हाला दर वर्षी समोरून पाहिलंय?’

‘बाबांना एकदा कुणीतरी दाखवायला हवं होतं,’ मी म्हणाले.

‘बाबांना? बाबा त्या दिवशी घरी झोपले होते. गुडघ्यावर मी बसले होते.’

मी तिला पाणी दिलं. तिनं ग्लास तसाच ठेवला आणि सांगितलं की अहवाल तिनं संस्थेच्या शिस्त समितीकडे दिलाय. त्यात तुम्ही आहात, न पाहता सही केली म्हणून. मीही आहे. माझ्याबद्दलच्या पानावर फक्त एवढंच लिहिलं होतं की तिसऱ्या बाल्कनीपासून सुरुवात करायला सांगणाऱ्या सचिवांची चौकशी व्हावी. बाकीचं मी तिला आत्ताच सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, ‘तेही जोडते,’ आणि उठली.

दारात मी विचारलं, ‘जेवून जातेस का?’

‘तुझ्याकडे एक ताट आहे, ताई,’ ती म्हणाली. ‘मला माहितीय. मी मोजलंय.’

मोठी


४ डिसेंबर

बाबा,

संस्थेची नोटीस तुम्हालाही मिळाली असेल. सोमवारी, सकाळी अकरा वाजता, वरच्या मजल्यावरची खोली. तुम्ही सभासद नाही, त्यामुळे ते तुम्हाला काढू शकत नाहीत. पण निकाल नकाशे मंजूर करणाऱ्या कार्यालयाकडे जाईल, आणि मग तुमच्या ऑफिसच्या कागदावर कुणाचीही सही चालणार नाही. मला ते काढू शकतात. सभासदत्व गेलं की माझी सही जाते, सही गेली की नोकरी. बाईंनी मला बोलावून सांगितलं, ‘मी त्या दिवशी अध्यक्षपदावर बसणार नाही. तू माझी आहेस, म्हणून.’ इतकी वर्षं त्यांच्याकडे काम केलं, पण हे त्यांनी आधी कधी म्हटलं नव्हतं.

धाकटीचं तुम्हाला कळलं नसेल. अहवाल समितीतल्या एका सभासदानं वाचला. समुद्रापलीकडे त्यांचं मोठं ऑफिस आहे, जुन्या इमारती तपासण्याचं. परीक्षा होताच तिनं यावं असं त्यांनी लिहिलं आणि तिनं होकार कळवला. चहा-बिस्किटांच्या मंडळात पोरीचं काय भलं होणार, असं तुम्ही जूनमध्ये विचारलं होतंत. हे झालं. मी सांगितलं होतं त्यातलं सगळं तिला मिळालं. ती सोमवारी तक्रारदाराच्या बाजूला बसेल आणि नियमाप्रमाणे आपल्याला प्रश्न विचारेल. आपण दोघं एकाच बाकावर असू. दुसरा बाक नाही.

आता तुमच्या चिठ्ठीबद्दल, जी तुम्ही आईच्या हाती पाठवलीत. आई जिना चढून आली, धापा टाकत होती, आणि मी वाचेपर्यंत भिंतीकडे बघत उभी राहिली.

तुम्ही लिहिलंय, ‘फोन आलाच नव्हता असं मी सांगतो. तू साइटवर गेलीस, तुला काही कळलं नाही, घरी आलीस. पोर होतीस. एवढंच म्हण. तू सुटशील.’

मी हे दोन्ही बाजूंनी तपासलं. फोन आला नव्हता असं ठरलं तर मला काही माहीत नव्हतं असं ठरतं, आणि मी सुटते. पण फोन आला नव्हता असं ठरलं तर तुम्हालाही माहीत नव्हतं. मग तुम्ही बेफिकीर ठरता, जाणूनबुजून करणारे ठरत नाही. म्हणजे हे खोटं आपल्या दोघांच्या उपयोगाचं आहे. ते तुम्ही कुणासाठी लिहिलंत, हे मला चिठ्ठीवरून काढता येत नाही. मी बराच वेळ प्रयत्न केला. आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘तुझ्यासाठीच गं. रडत होते.’ आईची साक्ष मी धरत नाही. ती पक्षपाती आहे.

तर उत्तर असं. धाकटी मला आधी विचारेल, फोन केला होता का. मी हो म्हणेन. ते तुमच्यासाठी वाईट आहे आणि माझ्यासाठीही. मी सत्यवादी आहे म्हणून हे करत नाही; तसं असतं तर सात वर्षांपूर्वी केलं असतं. तुमच्या सहीखाली मला सुटायचं नाही, म्हणून करतेय.

मग ती विचारेल, फोनवर काय बोलणं झालं. ती शब्द न शब्द मागते. तेव्हा तुम्हाला तिथं बसल्या बसल्या धक्का बसू नये म्हणून आधीच लिहून कळवते. मला सगळं आठवतं आणि मी सगळं सांगणार आहे. दुपार झाली होती. तुम्ही फोन उचललात आणि मी काही बोलायच्या आधी विचारलंत, ‘जेवलीस का गं?’ मी म्हणाले, ‘नाही अजून.’ तुम्ही म्हणालात, ‘आधी खाऊन घे काहीतरी. उन्हात उभी राहू नकोस.’ मग मी चेअरचं सांगितलं. मग तुम्ही ओतू दे म्हणालात.

मी तेव्हा सावलीत जाऊन जेवले, बाबा. जेवून आले तोवर ओतून झालं होतं. हेही सांगेन.

मोठी